बाटवणारा पाव, वाढदिवसाचा पाव



आत खिमा, वर चीज, आणि भट्टीतून नुकताच बाहेर आलेला गरम पाव. वाढदिवस असो की साखरपुडा, आपल्या कोन-पनवेल भागात अशा भरलेल्या पावांची मागणी वाढते आहे. आमच्या गटातल्या बायाही ते करतात. पण हाच पाव एकेकाळी खाल्ला तर माणूस जातीबाहेर जायचा. तो आपल्या ताटात कसा आला आणि कुणाच्या हातांनी आला, हे आज सांगतो.

आपलं कोकण तांदळाचं. भाकरी, घावन, आंबोळी हे आपलं रोजचं. तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ ताणलं जात नाही, म्हणून त्याचा फुगलेला पाव होत नाही. त्याला गव्हाचं पीठ लागतं. ते मळलं की चिवट होतं आणि आतली हवा धरून ठेवतं. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पाव तिथे रुजला. ‘पाव’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. पाव पायाने मळतात म्हणून पाव, असं आपल्याकडे सांगतात, पण ते खरं नाही.

पीठ फुगवायला लागणारं खमीर इथे कुठून मिळणार? गोव्याच्या पाववाल्यांनी माडाची माडी वापरली. माडी काही तासांत आंबते, कारण तिच्यातले सूक्ष्म जीव साखर खाऊन वायू सोडतात. तोच वायू पीठ फुगवतो. म्हणजे कृती परदेशी, पण खमीर आपल्या माडाचं. गोव्यात पाव करणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात. तिथल्या ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाचं तिखट-आंबट ‘चोरीस’ पावात भरून खायची पद्धत आहे. आजच्या भरलेल्या पावाची ती आपल्या जवळची वडीलधारी बहीण म्हणायला हरकत नाही.

आता बाटण्याची गोष्ट. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारा गाव बाटला, अशा कथा गोव्यात आणि वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. भीती पावाची नव्हती, तो करणाऱ्या हाताची होती. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर तर जातीची सगळी भिंत उभी होती.

ती भिंत पाडायला काहींनी पावच हातात घेतला. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘परमहंस सभा’ काढली. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यावं लागे. पण हे सगळं गुपचूप चाले. १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली, नावं उघड होण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशी मोठी मंडळी गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि एवढा गहजब झाला की वाद शंकराचार्यांपर्यंत गेला.

मैत्रिणींनो, इतिहासाच्या पुस्तकात अशा वेळी पुरुषांची नावं येतात. पण घर वाळीत पडलं की त्याची झळ बायांना आधी लागते. लेकीला माहेरी येता येत नाही, मुलीचं लग्न जमत नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. एका बिस्किटाची किंमत घरातल्या अशा बाईने मोजलेली असते, जिने ते चाखलंही नसतं.

मग पाव सगळ्यांचा झाला कसा? पोटाने केला. गोव्याचे पाववाले मुंबईत आले, इराणी आले, बेकऱ्या आणि हॉटेलं निघाली. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं. इराण्याच्या हॉटेलात खिमा-पाव आणि खिमा पॅटिस मिळू लागलं. एकाच बाकावर सगळ्या जातीधर्मांचे कामगार बसू लागले. गिरणीत पाळी संपली की भूक लागलेली असे आणि हातात वेळ कमी. पाव स्वस्त, हातात धरून खाता येणारा. भट्टीवर कोण बसलंय, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

त्याच गिरणगावात हजारो बाया खानावळी चालवायच्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालायच्या. तरी त्यांना कामगार कुणी म्हणत नसे. सावकाराच्या व्याजात त्या पिचलेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताई स्वतः गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. स्वयंपाक हे घरकाम आहेच, पण तो धंदाही आहे आणि त्याला हिशोब असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. २०१६ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली. त्यात आपल्या कोनमधली सुमारे २४०० घरं होती. म्हणजे गोव्याहून गिरणगावात गेलेल्या पावाचा रस्ता आपल्या गावाच्या वेशीपर्यंत येतो.

राहिलं चीज. ते आपल्याकडे साहेबाच्या आणि श्रीमंताच्या घरचं होतं. १९६० च्या सुमारास आणंदच्या अमूल सहकारी डेअरीने म्हशीच्या दुधाचं चीज मोठ्या प्रमाणावर करायला घेतलं. म्हशीच्या दुधाचं चीज होत नाही, असं परदेशी जाणकार म्हणत. ते करून दाखवल्यावर चीज हळूहळू किराणा दुकानात आलं.

आता करायचं कसं, तेही ऐका. अर्धा किलो मैदा, दोन चमचे कोरडं यीस्ट, दोन चमचे साखर, चमचाभर मीठ, तीन चमचे तेल आणि सुमारे ३०० मिलिलिटर कोमट दूध-पाणी. दहा मिनिटं चांगलं मळा, झाकून दुप्पट होऊ द्या. अर्धा किलो खिमा कांदा, आलं-लसूण, मसाला घालून पूर्ण शिजवा आणि पाणी आटवून कोरडा करा. ओला खिमा पाव फोडतो. तो गार झाल्यावरच भरा, गरम भरला तर पीठ चिकट होतं. सोळा गोळे होतील. प्रत्येकात खिमा आणि थोडं किसलेलं चीज भरा, तोंड घट्ट बंद करा, अर्धा तास पुन्हा फुगू द्या. वरून दूध लावून १८० अंशांवर वीसेक मिनिटं भाजा. भाजलेले पाव दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका.

ऑर्डर घेताना मात्र एक विचारा : खाणारे कोण आहेत? मुसलमान घरी मांस हलाल लागेल आणि डुकराचं चालणार नाही. पनवेलमध्ये बेने इस्राएल लोकांचं जुनं प्रार्थनास्थळ आहे. त्यांच्या धर्मात मांस आणि दुधाचा पदार्थ एकत्र खात नाहीत, म्हणून खिम्याबरोबर चीज नको. शाकाहाऱ्यांचा पाव वेगळ्या ताटात, वेगळ्या चिमट्याने. काय खायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तो मान राखायलाच हवा.

पण कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न वेगळा. त्याला मान देऊ नका. शाळेच्या पोषण आहारात अमुक जातीच्या बाईच्या हातचं नको, अशा बातम्या आजही येतात. एखाद्या गटात कुणाला पीठ मळायला बसवतात आणि कुणाला फक्त भांडी देतात, हेही आपण बघतो. आपल्या गटात मळणं, भरणं, भाजणं आणि विकणं ही कामं पाळीने सगळ्यांना मिळाली पाहिजेत. पावाची किंमत लावताना मैदा, खिमा, चीज आणि गॅस यांच्यासोबत प्रत्येकीच्या तासांची मजुरीही लिहा.

पुढच्या बैठकीत वहीत तो एक रकाना वाढवा.