हेल्मेटची सक्ती : पुरावा एकच, उत्तरं वेगवेगळी

हेल्मेटने मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. ही कारणं तुम्ही ऐकली असतील, कदाचित दिलीही असतील. पण हेल्मेटमागचा वैद्यकीय पुरावा किती जुना आहे, हे ठाऊक आहे का?

मे 1935 मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून ते गेले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते. पुढे महायुद्ध सुरू झाल्यावर केर्न्स यांनी मोटारसायकलच्या अपघातांचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत 2279 मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेले लोक रस्त्यावर दगावले होते. हेल्मेट घातलेले जखमी केर्न्सना फक्त सात आढळले, आणि सातही जण वाचले. सात हा आकडा तसा लहानच. पण लष्कराला तेवढा पुरला. त्याच वर्षी निरोप पोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

सामान्य ब्रिटिश नागरिकांसाठी मात्र ही सक्ती आली 1973 मध्ये. शिपायाचं डोकं सरकारच्या मालकीचं, नागरिकाचं त्याचं स्वतःचं, असाच हिशेब दिसतो! ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1961 मध्येच कायदा केला होता.

अमेरिकेची गोष्ट आणखी निराळी. केंद्राचा निधी अडेल या धाकाने तिथल्या बहुतेक राज्यांनी कायदे केले. 1976 मध्ये तो धाक गेला आणि अनेक राज्यांनी प्रौढांवरची सक्ती उठवली. ‘माझं डोकं, माझा निर्णय’ हा त्यांचा युक्तिवाद. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना विचारलं, तर निर्णय एकट्याचा नसतो हे कळतं.

आपल्याला जवळचं उदाहरण व्हिएतनामचं, कारण तिथेही रस्ते दुचाकींनीच भरलेले. 15 डिसेंबर 2007 पासून तिथे सर्व रस्त्यांवर सक्ती झाली, पोलिसांनी ती खरोखर राबवली, आणि थोड्याच दिवसांत दहातले नऊ जण हेल्मेट घालू लागले. लोकांचा स्वभाव एका रात्रीत बदलला असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात, कलम 129 मध्ये, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट सांगितलं आहे. तरी पुण्यात सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आणि मागे बसलेल्यांचं डोकं बहुधा उघडंच दिसतं.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटताना तो चेपतो आणि डोकं थांबायला क्षणाचा काही अंश जास्त मिळतो, त्यामुळे मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून धड दिसलं तरी, बदला. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. तो सैल असेल, तर डोकं रस्त्यावर आदळण्याआधीच हेल्मेट निघून जातं.