नदीकडची खोली

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही बेळगावहून चारधामला गेलो होतो. गंगोत्रीच्या अलीकडे, हर्षिल सोडल्यावर धराली लागते. मुक्काम तिथेच होता. एवढ्या लांब येऊन समोरची भिंत कशाला पाहायची, म्हणून मी हट्टाने नदीकडची खोली मागून घेतली. संध्याकाळी गावातले कल्पकेदाराचे देऊळ पाहिले. दगडी, जुन्या घडणीचे. पण त्याच्याकडे जाताना चढायचे नव्हते, उतरायचे होते. देवळाचा बराचसा भाग जमिनीखाली होता. “कभी मलबा आया था,” एवढेच आमचा ड्रायव्हर म्हणाला. जन्मभर मुलांना इतिहास शिकवलेला मी! ते देऊळ म्हणजे त्या गावाचा शिलालेखच आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. मी एक फोटो काढला आणि चहाला गेलो.

५ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी खीरगंगेतून दगडमातीचा लोंढा आला आणि धरालीचा बाजार त्याखाली गेला. समोरच्या काठावरच्या मुखबा गावातले लोक शिट्ट्या मारत, ओरडत होते. ती चित्रफीत आपण सर्वांनीच पाहिली. कल्पकेदार पुन्हा गाडला गेला.

आपण कानडीत ज्याला हळ्ळ म्हणतो आणि मराठीत ओढा, त्याला गढवालात गाड किंवा गधेरा म्हणतात. एरवी त्यात घोटाभर पाणी असते. पण वर, हिमनद्यांच्या पायथ्याशी, बर्फाने सोडून दिलेल्या दगडमातीच्या सैल राशी असतात. जोराच्या पावसाने किंवा एखादे तळे फुटल्याने त्या सुटल्या की जे खाली येते ते पाणी राहत नाही. भिजवलेल्या काँक्रीटसारखे काहीतरी होते. ते पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असते, म्हणून खोलीएवढे धोंडेही त्यावर तरंगल्यासारखे येतात. दरी रुंद झाली, उतार मंदावला की ते सगळे ओझे तिथे पसरते आणि उघडलेल्या पंख्यासारखी जमीन तयार होते. डोंगरात सपाट, सुपीक आणि पाणी जवळ असलेली जागा म्हणजे बहुधा हीच. म्हणून माणूस तिथेच शेत करतो, सफरचंद लावतो, आणि रस्ता आला की हॉटेल बांधतो. धराली अशाच पंख्यावर वसली होती. आरंभी ढगफुटी म्हटले गेले. पण त्या भागात नोंदलेला पाऊस तेवढा नव्हता, आणि अभ्यासकांनी वरच्या हिमनदीच्या राशींकडे बोट दाखवले.

याच गढवालात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एक वेगळी गोष्ट घडली होती. सप्टेंबर १८९३ मध्ये गोहना गावाजवळ अख्खा डोंगर बिरही गंगेत कोसळला आणि सुमारे नऊशे फूट उंचीचा बांध पडला. मागे तळे भरू लागले. पाहणीला गेलेल्या इंजिनिअर पुलफर्डने हिशेब केला की हे तळे पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यास भरून वाहील. तळ्यावर क्रुकशँक नावाचा लेफ्टनंट नेमला गेला. गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तारयंत्राची लाईन टाकली, नदीवरचे झुलते पूल सोडवून ठेवले, पूर कुठवर येईल त्याच्या खुणा डोंगरउतारांवर केल्या. २५ ऑगस्ट १८९४ ला तळे भरून वाहू लागले आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला. अलकनंदेकाठचे श्रीनगर, गढवालच्या राजांची जुनी राजधानी, साफ धुऊन गेले. माणसे गेली ती फक्त पाच: एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना हलवले होते. ते परत तळ्याखाली जाऊन राहिले. नवे श्रीनगर मग वरच्या अंगाला आखून वसवले.

बांधामागे उरलेले तळे १९७० च्या जुलैपर्यंत टिकले. त्या महिन्यातल्या अलकनंदेच्या पुरात तेही गाळाने भरून संपले.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, तारेचा आणि हिशेबाचा विजय म्हणून. आज तशी सांगणार नाही. गोहन्याने माणसाला जवळजवळ वर्षभराची मुदत दिली होती. खीरगंगेने मिनिटभरही धड दिली नाही. शिट्टी ऐकून माणूस दहा पावले धावतो, तोवर लोंढा अंगणात. अशा ठिकाणी तारेपेक्षा घराची जागाच जीव वाचवते. गढवालची जुनी गावे पुष्कळशी उतारावर आहेत. काठाच्या सपाटीवरचे बाजार बव्हंशी मोटाररस्त्यामागून आले. आणि त्या रस्त्याने कोण आले? आम्हीच, यात्रेकरू. प्रत्येकाला नदीकडची खोली हवी होती.

हे हिमालयाचेच दुखणे असेही नाही. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर आला आणि दीडशेवर माणसे गेली.

माझ्याकडे अजून तो फोटो आहे. देवळाचे शिखर, भोवती दगड रचलेला खड्डा, आणि कडेला उभी आमची मंडळी, हसणारी. चहा देणारा पोरगाही एका कोपऱ्यात आला आहे. त्याचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, अन्नकूटाला, गंगोत्रीचे दार बंद होते आणि गंगामाईची पालखी हिवाळ्यासाठी मुखब्याला जायला निघते. मुखबा पलीकडच्या काठावर, उंचावर आहे. पुढच्या वर्षी आपल्यापैकी कोणी तिकडे निघाले, तर खोली घेण्याआधी एवढेच विचारावे: इथला गधेरा कोणत्या बाजूने येतो? आणि खोली त्याच्यापासून दूर, वरची मागावी. नदी नाही दिसली तरी चालेल.