तांबटांचा कान : कारखानी गोंगाटाच्या मोजदादीचा व नियमनाचा इतिहास

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबटआळी जिज्ञासूंस अपरिचित नाहीं. पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या तांबटांची ही वस्ती हातोडीच्या सारख्या ठोक्यांनीं केलेल्या मठारकामाबद्दल प्रसिद्ध आहे. जुने बंब, हंडे व घंगाळें जमविणारे संग्राहक भांड्यावरील ठोक्यांच्या ओळी भिंग लावून न्याहाळतात; परंतु त्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक आवाज झाला व तो कोणाच्या तरी कानांत गेला, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. भाषेनें मात्र तो आवाज टिपून ठेवला आहे. टुक् टुक् असा एकसुरी शब्द करणाऱ्या लहानशा हिरव्या पक्ष्यास आपण तांबट म्हणतों, आणि गंमत ही कीं इंग्रजींतही त्यास याच धंद्याचें नांव मिळालेलें आहे.

या धंद्याच्या आवाजाची जी नोंद वैद्यकाच्या इतिहासांत वारंवार निघते ती व्हेनिस शहरांतील आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानें कारागिरांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला. त्याची पहिली आवृत्ति इ. स. १७०० सालीं मोदेना येथें व वाढविलेली दुसरी इ. स. १७१३ सालीं पादुआ येथें निघाली. विल्मर केव्ह राइट यांचें १९४० सालचें इंग्रजी भाषांतर दुसऱ्या आवृत्तीवरून केलेलें आहे. अभ्यासकांनीं तेंच पाहावें, कारण १७०५ सालच्या जुन्या भाषांतरांत मागाहून घातलेली भर येणें शक्य नव्हतें. व्हेनिसमध्यें तांबटांचा स्वतंत्र मोहल्ला असून तेथें दिवसभर ठोकाठोक चालते. त्यामुळें तांबटांवांचून दुसरें कोणी तेथें राहात नाहीं, बाकीचे त्रासून निघून जातात. हे कारागीर जमिनीवर लहानशा चटईवर वांकून बसतात, पत्रा आधीं लाकडी मोगरीनें व मग लोखंडी हातोड्यानें ठोकतात. त्यांस प्रथम कमी ऐकूं येऊं लागतें व याच कामांत म्हातारपण आलें तर ते ठार बहिरे होतात, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. नाईल नदीच्या धबधब्यांजवळ राहणाऱ्या लोकांचा दाखलाही तो देतो. स्थळाचें नांव झांकून हें वर्णन वाचलें तर तें आपल्याच गांवच्या आळीचें वाटावें.

रामाझ्झिनीनें शेजाऱ्याचा त्रास व कामगाराचा कान हीं दोन्ही एकाच दमांत सांगितलीं, हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. पुढील दोन शतकांत त्यांची फारकत झाली. ती कशी झाली हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शेजाऱ्याची तक्रार न्यायालयांत गेली, आणि न्यायालयांत गेलेल्या गोष्टीचा कागद राहतो. लंडन येथील स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला याचें उत्तम उदाहरण होय. ब्रिजमन हा विग्मोर स्ट्रीटवरील मिठाईवाला. त्याच्याकडे दोन मोठे खल होते व त्यांत वीस वर्षांहून अधिक काळ कुटणें चालू होतें. मागच्या बाजूस विम्पोल स्ट्रीटवर राहणाऱ्या डॉक्टर स्टर्जेसनें १८७३ सालीं आपल्या बागेच्या टोकाशीं रोगी तपासण्याची खोली बांधली. ती नेमकी खलाच्या भिंतीस लागली, व रोग्याच्या छातीस नळी लावून ऐकणें अशक्य झालें. इतकीं वर्षें कुटीत आल्यामुळें आपणांस वहिवाटीचा हक्क प्राप्त झाला आहे, हें मिठाईवाल्याचें म्हणणें १८७९ सालीं अपील न्यायालयानें फेटाळलें. ज्या काळांत आवाजाचा उपद्रव म्हणून दावाच लावतां आला नसता, तो काळ वहिवाटीच्या मुदतींत धरतां येत नाहीं, असें ठरलें. याच निकालांत न्यायमूर्ति थेसिगर यांनीं असें म्हटलें कीं, बेल्ग्रेव्ह स्क्वेअरसारख्या धनिकांच्या वस्तींत जो उपद्रव ठरेल तो कातडीं कमावणाऱ्यांच्या बर्मन्डसींत ठरेलच असें नाहीं. निवासी विभाग व औद्योगिक विभाग अशी जी वाटणी आज आपण करतों तिचें बीज या वाक्यांत आहे. बर्मन्डसींत राहणाऱ्यांचे कान निराळे घडलेले असतात काय, हा प्रश्न न्यायालयापुढें आला नाहीं.

कामगाराजवळ असा कागद नव्हता. बहिरेपण हें त्याच्या धंद्याचें एक लक्षणच मानलें जाई. जॉन फॉस्ब्रोक यानें १८३१ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत लोहारांचें बहिरेपण हें त्यांच्या कामाचें हळूहळू येणारें फळ आहे असें लिहिलें. वैद्याची साक्ष म्हणून ती मोलाची आहे. परंतु साक्ष वेगळी व मोजदाद वेगळी. ती मोजदाद ग्लासगो येथील कानाचे वैद्य टॉमस बार यांनीं केली व १८८६ सालीं तेथील फिलॉसॉफिकल सोसायटीपुढें निबंधरूपानें वाचली. क्लाइड नदीच्या कांठीं जहाजांचे बॉयलर तयार होत. पत्र्यांच्या जोडावर बाहेरून रिवेट ठोकीत असतां आंतून घण धरून तो रेटून ठेवणारा एक गडी बॉयलरच्या पोटांत बसलेला असे. सर्वांत वाईट गत त्याचीच. बार यांनीं शंभर बॉयलरकामगार, शंभर लोखंडाचें ओतकाम करणारे व शंभर टपालवाले तपासले. टपालवाल्यांची निवड मार्मिक आहे : ते मोकळ्या हवेंत हिंडणारे, म्हणून तुलनेस योग्य. मापनाचें साधन काय, तर खिशांतील घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकूं येते तें पाहावयाचें, व शिवाय सार्वजनिक सभेंतील भाषण नीट ऐकूं येतें काय असें विचारावयाचें. सभेंत ऐकण्यास अडचण पडणारे किंवा मुळींच न ऐकूं येणारे बॉयलरकामगारांत शंभरांत ७५ निघाले, ओतकामवाल्यांत १२ व टपालवाल्यांत ८. साधन ओबडधोबड खरें, पण या तीन आकड्यांनीं जें सिद्ध झालें तें नाकारणें कोणास शक्य नव्हतें. दुर्लक्ष करणें मात्र शक्य होतें, व तें झालें.

घड्याळाची जागा विजेच्या यंत्रांनीं घेतली ती इ. स. १९२० नंतर. अमेरिकेंतील टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत डेसिबल हें एकक रूढ झालें; टेलिफोनचे जनक बेल यांचें नांव त्यांत आहे. न्यूयॉर्क शहरानें १९२९ सालीं गोंगाट कमी करण्यासाठीं एक आयोग नेमला. त्यानें मोटारगाडीवर मापनयंत्र चढवून रस्तोरस्तीं आवाज मोजले व १९३० सालीं अहवाल छापला. श्रवणमापक यंत्रानेंही एक नवी गोष्ट उघड केली. गोंगाटानें येणारें बहिरेपण सेकंदास सुमारें ४००० कंपनांच्या उंच स्वरापासून सुरू होतें. बोलण्यांतील खालचे स्वर पुष्कळ दिवस शाबूत राहतात, त्यामुळें मनुष्यास आपला कान गेला हें फार उशीरां कळतें. अंतःकर्णांतील केशपेशी एकदां नष्ट झाल्या म्हणजे मनुष्यांत पुनः उगवत नाहींत. तेव्हां कारखान्यांतील तपासणी तक्रार येण्याच्या आधीं व्हावी लागते. ब्रिटिश मजूरखात्यानें कामगार व गोंगाट या विषयावरील पुस्तिका १९६३ सालीं काढली. रामाझ्झिनीच्या दुसऱ्या आवृत्तीस तेव्हां बरोबर २५० वर्षें झालीं होतीं.

आपल्याकडील पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. त्याची नजर मुलांच्या कामाच्या तासांवर व यंत्रांस घालावयाच्या आडोशावर होती. १९४८ च्या कारखाना कायद्याखालीं पुढें जे नियम झाले त्यांत आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही कामगाराच्या कानाची मर्यादा धरण्यांत आली. हवेच्या प्रदूषणाच्या कायद्यांत १९८७ सालीं दुरुस्ति होऊन गोंगाट हाही प्रदूषक ठरला, आणि २००० सालच्या ध्वनिनियमांनीं औद्योगिक विभागास दिवसा ७५ व रात्रीं ७०, निवासी विभागास दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशा मर्यादा घातल्या. डेसिबलची शिडी साध्या बेरजेची नव्हे. दर दहा पायऱ्यांस आवाजाची शक्ति दहापट होते. त्या हिशेबानें ९० व ७५ यांतील अंतर तिसाहून अधिक पटीचें भरतें. एक मर्यादा दिवसभराच्या सरासरीची व दुसरी पाळीची, हें ध्यानांत घेऊनही तफावत राहते ती राहतेच. कारखान्याच्या भिंतीबाहेरचा कान व आंतला कान यांस दोन निरनिराळीं मापें लागलीं, आणि थेसिगर यांच्या निकालापासून चालत आलेली फारकत आंकड्यांत उतरली.

तांबटआळींत ही भिंतच नाहीं. तेथें खालीं काम व वर किंवा मागें बिऱ्हाड अशी जुनी रीत; ठोकणारा व शेजारी हे पुष्कळदां एकाच घरचे.

शेवटीं एक विनंति. मुंबईच्या कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेल्या. मागखात्यांत काम केलेल्यांच्या घरीं दवाखान्याचीं कार्डें, श्रवणतपासणीचे आलेख, साहेबास लिहिलेले अर्ज असे कागद पडलेले असतात व घर बदलतांना ते रद्दींत जातात. मोडी फर्मानांइतके ते देखणे नसतात. ज्यांच्या हातीं असे कागद येतील त्यांनीं ते, निदान त्यांच्या नकला, मंडळाच्या दफ्तरीं पाठवाव्या. कोणत्या खात्यांतला माणूस व किती वर्षें कामावर होता एवढी टीप सोबत असावी.