बर्डीचे जुने फोटो आणि आपली माणसे

नागपुरात कोणी 'बर्डीले जाऊन येतो' म्हटले की कुठे आणि कशाला, हे विचारावे लागत नाही. कापड घ्यायचे बर्डीवर, शाळेची पुस्तके बर्डीवर, सिनेमा बर्डीवर, आणि काहीच घ्यायचे नसले तरी फिरायला बर्डीवरच. सीताबर्डी हे कागदावरचे नाव. तोंडातले नाव बर्डी. या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी आम्ही वस्तीतील घराघरांतून जुने फोटो मागितले. लग्नाचे, मिरवणुकीचे, विहाराचे फोटो येतील हे ठाऊकच होते. ते आलेच, पण त्यांच्या खालोखाल निघाले ते बर्डीचे. त्या निमित्ताने शहराच्या या मध्यभागाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बर्डी म्हणजे मुळात दोन टेकड्या. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. इंग्रज जिंकले आणि टेकडीवर त्यांनी किल्ला पक्का केला. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे येथवर आली. जुने शहर महालाकडे, साहेबांचे बंगले सिव्हिल लाइन्सकडे, आणि या दोहोंच्या मध्ये बर्डी. दोन्हीकडच्या लोकांचे पाय येथे लागत म्हणून येथे बाजार वाढला. शहराचा मध्य असा घडला.

पण बाजार चालतो तो कमावत्या हातांच्या पैशावर. बर्डीपासून जवळच, जुम्मा तलावाच्या बाजूला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे सव्वाशे वर्षे नागपूरच्या कामगार वस्त्यांचे घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा होता. दलित समाजातील कितीतरी घरांची चूल या मिलवर पेटली, पोरांच्या शाळेची फी याच पगारातून गेली. १९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. त्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. आज तेथे जाणाऱ्या पोरांना आपला आजोबा याच जागी तीन पाळ्यांत राबला, हे कोणी सांगितले नाही तर कळणार कसे?

आपल्या समाजाच्या इतिहासाशी तर या परिसराचा संबंध फार जवळचा आहे. १९२० च्या मे महिन्याअखेर कस्तुरचंद पार्कवर राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची अखिल भारतीय परिषद भरली आणि तरुण भीमराव आंबेडकर तिला हजर होते. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब दीक्षेसाठी नागपुरास आले तेव्हा त्यांचा मुक्काम बर्डीवरील श्याम हॉटेलात होता. १३ ऑक्टोबरला त्यांनी तेथेच पत्रकारांशी बोलणे केले. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली त्या दिवशी नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होते. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि शहराचे राजधानीपण संपले. महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० ला.

ही माहिती फोटो ओळखण्यासही कामी येते. बऱ्याच फोटोंवर तारीख नसते, पण मागच्या पाट्या बोलतात. कचेरीच्या पाटीवर 'मध्यप्रदेश' असेल तर फोटो १९५० ते १९५६ मधला. 'मुंबई राज्य' असेल तर १९५६ ते १९६०. दुकानाच्या फळीवर भाव आण्यांत लिहिलेला असेल तर बहुधा १९५७ पूर्वीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून नवे पैसे आले. लाल दगडाचे रेल्वे स्टेशन दिसले तर ते १९२५ नंतरचे. स्कूटरच्या नंबरात एमएच ३१ असेल तर साधारण १९८९ नंतरचा, आणि मेट्रोचा खांब दिसला तर २०१५ नंतरचा. व्हरायटी टॉकीजवरच्या सिनेमाच्या फलकावरूनही साल काढता येते. घरातली शिकलेली मुले हे काम हौसेने करतील.

साल निघते हो, पण नाव निघत नाही. खरी अडचण तेथेच आहे. मिलच्या फाटकासमोर वीस-पंचवीस माणसे रांगेत उभी आहेत. पहिल्या रांगेतले दोघे ओळखता येतात, बाकीचे कोण? राजे, साहेब, शेटजी यांच्या फोटोंखाली नावे छापलेली असतात. आपल्या माणसांच्या फोटोंखाली फार तर 'जनसमुदाय' एवढाच शब्द असतो. ज्यांनी शहर उभे केले ती माणसे शहराच्या इतिहासात गर्दी म्हणून उरतात. १९५६ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. ती पिढी गेली की फोटो राहतील, पण त्यांतली माणसे अनोळखी होतील.

शहर बदलते याचे आम्हांस दुःख नाही. सन २००० च्या सुमारास रस्ते रुंद झाले, मार्च २०१९ मध्ये मेट्रो बर्डीपर्यंत आली आणि म्हाताऱ्या माणसांचे जाणे-येणे सोपे झाले, हे चांगलेच झाले. जुना काळ सगळाच गोड होता असेही नाही. दुकानाच्या पायरीखाली उभे राहून माल घ्यावा लागणारी माणसे याच शहरात होती. म्हणून जुन्या बर्डीचे नुसते गोडवे गाऊ नयेत, आणि तिला विसरूही नये. कोण कोठून आले, काय सोसले, कसे पुढे गेले, हे जागेसकट लक्षात राहिले पाहिजे.

याकरिता फार खर्च लागत नाही. पेटीतला फोटो काढा, वडीलधाऱ्यांजवळ बसा. कोण, कुठे, केव्हा, कोणाच्या कोण, हे विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. लॅमिनेशन करू नका, चिकटलेला फोटो पुन्हा सुटत नाही. मोबाईलवर दोन्ही बाजू टिपून ठेवा. मूळ फोटो घरीच राहू द्या, प्रत तेवढी विहाराच्या संग्रहास द्या. ज्या घरी फोटो नाही त्यांनी आठवण सांगावी, तीही लिहून घेतली जाईल. कारण त्या काळी फोटो काढायला सगळ्यांकडेच पैसे कुठे होते?

बर्डी उद्याही बदलेल. फोटोमागे दोन ओळी आज लिहिल्या तर आपल्या नातवंडांना त्या गर्दीत आपला माणूस सापडेल.