घटना दिल्लीत झाली, सातपुड्यात कशी आली?

राज्यघटनेचा विषय निघाला की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. आपली माणसं म्हणतात, बाबासाहेबांनी ती एकट्यानं लिहिली. टपरीवर बसलेला दुसरा कोणी म्हणतो, छे, ती तर इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याची नक्कल! आम्ही कारखान्यात पाळ्या करून, उरल्या वेळात जे काही वाचलं त्यावरून आमचं मत असं झालं आहे की दोघंही घटना समितीचं कामकाज न वाचता बोलतात. ते काम प्रत्यक्षात कसं झालं हे पाहिलं म्हणजे बाबासाहेबांचं मोठेपण कमी होत नाही, उलट नीट उमगतं.

मुळात बाबासाहेब त्या सभागृहात पोहोचले कसे, इथूनच सुरुवात करू. घटना समितीची निवडणूक १९४६ च्या जुलैत झाली. ती जनतेच्या मतांनी झाली नाही. प्रांतांच्या कायदेमंडळांतल्या आमदारांनी सभासद निवडले. आणि त्या आमदारांना निवडणारे मतदार तरी कोण? सारा भरणारे, कर भरणारे, शिकलेले. आपल्या आजा-पणज्यांपैकी बहुतेकांना मत नावाची चीजच नव्हती. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना जागा मिळाली नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बंगालमधले पुढारी जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीनं ते बंगालमधून निवडून गेले. मंडल यांचं नाव आपल्या सभांतून क्वचितच घेतलं जातं, ते घेतलं पाहिजे.

९ डिसेंबर १९४६ ला समितीची पहिली बैठक झाली. पुढे फाळणी ठरली आणि बाबासाहेबांची बंगालची जागा गेली. तेव्हा राजेंद्रप्रसादांनी मुंबईच्या बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं, बॅ. जयकरांची जागा रिकामी होतीच, आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. वर्षापूर्वी ज्यांनी दार लावून घेतलं होतं त्यांनीच बोलावणं धाडलं! याला कोणी औदार्य म्हणतात. आम्ही म्हणतो, गरज होती. वर्षभरात त्या सभागृहानं या माणसाचा अभ्यास पाहिला होता.

२९ ऑगस्ट १९४७ ला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. आता ‘एकट्यानं’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. घटनाविषयक सल्लागार सर बी. एन. राव यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिला कच्चा मसुदा करून दिला होता. त्यांचं आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांचं श्रेय बाबासाहेबांनी स्वतः भर सभागृहात, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलं आहे. पण ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांनीही टी. टी. कृष्णम्माचारी ५ नोव्हेंबर १९४८ ला काय बोलले ते वाचावं. समितीतला एक जण राजीनामा देऊन गेला, एक वारला, एक अमेरिकेत, एक संस्थानी कारभारात अडकलेला, एकदोन जण दिल्लीपासून लांब. शेवटी ओझं पडलं ते बाबासाहेबांच्या खांद्यावर, आणि तेही प्रकृती साथ देत नसताना. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. उभं राहून उत्तरं द्यायची, कोणती घ्यायची, कोणती का नाकारायची ते पटवायचं, हे काम बहुतांशी एकाच माणसानं केलं.

१९३५ च्या कायद्यातून कारभाराचा बराच भाग घेतला, हे खरंच आहे, बाबासाहेबांनी ते लपवलं नाही. पण त्या कायद्यात काय नव्हतं? मूलभूत हक्क नव्हते. एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत नव्हतं. अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम नव्हतं, ते २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर झालं. बेगार बंद करणारं तेविसावं कलम नव्हतं. १९५१-५२ ला १७ कोटींहून जास्त मतदार झाले, आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी. ही कुठली नक्कल?

जे मिळालं नाही तेही सांगितलं पाहिजे. मार्च १९४७ मध्ये फेडरेशनतर्फे बाबासाहेबांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन तयार केलं. मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे, जमीन सरकारची आणि कसणारे सामुदायिक, आणि हे सगळं घटनेतच लिहायचं म्हणजे उद्याच्या बहुमताला पुसता येणार नाही. ते घटनेत आलं नाही. कामगाराला पोटापुरतं नव्हे तर माणसासारखं जगता येईल इतकं वेतन, हे त्रेचाळिसावं कलम आलं, पण मार्गदर्शक तत्त्वांत. तिथलं कलम घेऊन कोर्टात जाता येत नाही.

आता आपल्या मुलखाचं बोलू. धुळ्याजवळ लळिंगला १९३७ साली बाबासाहेब राहून गेले, ते आपण दरवर्षी आठवतो. पण पुरुषोत्तमनगरच्या उत्तरेला जो डोंगर दिसतो, त्याची गोष्ट घटनेत स्वतंत्र लिहिलेली आहे हे किती जणांना ठाऊक आहे? पश्चिम खानदेशातला नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि काठी वगैरे मेहवाशांची गावं हा मुलूख इंग्रजांनी १९३६ साली साधारण कायद्यापासून अंशतः बाजूला काढला होता. घटना समितीत छोटा नागपूरचे जयपालसिंह मुंडा आदिवासींतर्फे उभे राहिले. १९ डिसेंबर १९४६ चं त्यांचं भाषण म्हंजे, लोकशाही आम्हाला काय शिकवता, ती आमच्याकडून शिका, असा रोखठोक मामला! ठक्करबाप्पांच्या उपसमितीनं अहवाल दिला, त्यातून पाचवी अनुसूची झाली. एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करू नये किंवा बदलून लागू करावा, हा अधिकार राज्यपालांना मिळाला, जमिनीचे व्यवहार आणि सावकारी यांवर बंधन घालण्याचाही.

आमची एक तक्रार आहे. मूळ मसुद्यात आदिवासी सल्लागार परिषदेच्या शब्दाला जास्त वजन होतं. सप्टेंबर १९४९ मध्ये नवी अनुसूची आली त्यात ते कमी झालं, आणि ती बाबासाहेबांनीच मांडली होती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१९५० च्या आदेशात नवापूर, अक्राणी, तळोदा आणि मेहवाशी गावं आली. शहादा तालुक्याची काही गावं आज अनुसूचित क्षेत्रात आहेत, काही नाहीत. एकाच रस्त्यावरच्या दोन गावांना दोन कायदे! कायदा कागदावर होता तरी जमिनी जातच राहिल्या. सालदारकी चालूच होती. १९७२ साली शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या पाठीमागे माणसं उभी राहिली, तेव्हा कुठं हलचल झाली, आणि १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आला. १९९६ ला पेसा आला, ग्रामसभेला अधिकार मिळाले. बाबासाहेबांना गावगाड्यावर भरवसा नव्हता, ४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण त्यांनी पाहिलेला गावगाडा वेगळा आणि डोंगरातला पाडा वेगळा, असं आम्हाला वाटतं. यावर विहारात एकदा मोकळी चर्चा व्हावी.

येत्या २६ नोव्हेंबरला उद्देशिकेबरोबर पाचवी अनुसूचीही वाचावी, असं आम्ही विहाराच्या कमिटीला सुचवलं आहे. ती पावरी आणि भिलोरीत समजावून सांगायला दोन पोरं तयार आहेत. आजूबाजूच्या पाड्यांवर निरोप वेळेत गेला पाहिजे, कारण तेव्हा ऊसतोडीचे दिवस असतात.