खुर्चीसकट चहा

1890 साली पुण्यात एका चहाने केवढा गहजब उडवून दिला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पंचहौद मिशनमध्ये गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं आणि प्रायश्चित्तावर आलं. चहा कोणाच्या घरचा, कोणाच्या शेजारी बसून प्यायलात, हा तेव्हा धर्माचा प्रश्न होता. म्हणूनच मुंबईतल्या स्वस्त खाण्यापिण्याची गोष्ट इथून सुरू करावीशी वाटते. खिशात पैसे किती, हा प्रश्न नंतरचा. मला इथे बसू देतील का, हा आधीचा.

गिरणगावात आलेला माणूस या प्रश्नात सहसा पडतच नसे. तो सरळ आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसांकडे जाई. एका खोलीत दहा-बारा गडी, पाळीप्रमाणे झोपणारे, बायकापोरं गावी. जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे. दोन वेळचं जेवण, रविवारी वशाट, महिन्याचा हिशेब पगाराला, आणि गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा. म्हणजे स्वस्त तर होतंच, शिवाय उधारीवर होतं. पण ती उधारी बाईच्या अंगावर असे. वाण्याची बाकी, सावकाराचं व्याज, आणि पहाटेपासून चुलीपुढे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठी. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्यांच्या इतिहासात या बायकांना चार ओळींच्या वर जागा मिळत नाही, हे मला फार खटकतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यांच्या पगारावर चालणारी चूल आधी विझली ती खानावळीतली.

अनोळखी माणसाला अनोळखी माणसासमोर बसवलं ते इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून ही माणसं मुंबईला आली. बरेचसे झरतुष्ट्री, पण मुसलमानही होते. कोपऱ्यावरची जागा इथले दुकानदार अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली असं सांगतात. सांगणारे सांगोत, मला त्यातला व्यवहार दिसतो. कोपऱ्याच्या दुकानाला दोन रस्त्यांवर दारं. कोणत्याही रस्त्याने येणाऱ्याला ते उघडंच दिसतं. धोबीतलावचं कयानी 1904 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची, बरण्यांत खारी आणि नानखटाई. एक ब्रून मस्का, एक ‘पानी कम’, आणि ब्रून चहात बुडवून मऊ होईपर्यंत समोरच्याचं वर्तमानपत्र उलट्या बाजूने वाचायचं. गल्ल्यावरच्या माणसाला तुमच्या जातीशी देणंघेणं नसे. सुटे आहेत का, एवढंच तो विचारी.

अर्थात फार वेळ बसलेलंही त्याला खपत नसे. इराण्याकडच्या सूचनांच्या पाट्या प्रसिद्धच आहेत. धोबीतलावच्या बस्तानीतल्या पाट्यांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. पण पाटी लावावी लागे, यातच सगळं आलं. लोक बसत होते!

भेंडीबाजार, बोहरी मोहल्ल्याकडची बारा हंडी याच जातीची गोष्ट. ओट्यात बसवलेल्या हंड्या, रात्रभर मंद आच. एकीत पाया, दुसरीत नळी, तिसरीत आणखी काही. दोन-तीन हंड्यांतलं एकत्र घेतलं की त्याला तिथे ‘भेल’ म्हणतात. चौपाटीवरच्या भेळेशी त्याचा संबंध नाही. हे पहाटेचं जेवण. अंगमेहनत करणाऱ्याला दुपारपर्यंत पोटाला आधार देणारं, आणि महागड्या तुकड्यांऐवजी खूर, हाडं, नळ्या यांतून चव काढणारं. बाकावर सरकून जागा द्यायची, हा तिथला शिष्टाचार.

उडपी हॉटेलांनी हिशेब बदलला. माटुंग्याचं रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं, ऐन युद्धकाळातलं. केळीचं पान, पोटभर जेवण, सगळं चोख. पण उडप्याचा स्वस्तपणा उठण्यावर चालतो. टेबल जितक्या वेळा रिकामं होईल तितका इडलीचा भाव खाली राहतो. आपण शेवटचा घास घेताना पाठीमागे कोणी उभं असतं ते काही उगाच नाही.

आणि मग वडापाव आला. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं मानलं जातं. पोर्तुगीजांच्या पावात मराठी बटाटावडा, एका हातात मावणारा. दुसरा हात लोकलचा दांडा धरायला मोकळा. त्याला टेबल लागत नाही, पाणी लागत नाही, पाटी तर नाहीच नाही. मुंबईने याहून हुशार पदार्थ केला नसेल. पण यात खुर्ची गेली.

सरकारनेही हात लावून पाहिला. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, काही वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि बऱ्याच स्टॉलांवर भलतंच काही विकलं जाऊ लागलं. 2020 च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन्हींत पोटाचा विचार होता, आणि तो हवाच.

पण मुंबईत नवीन आलेली कवितेतली पोरं मला विचारतात, “सर, स्वस्तात कुठे खायचं?” तेव्हा मी उलट विचारतो, खायचंय की बसायचंय? खायचं असेल तर कुठल्याही स्टेशनबाहेर उतरा. बसायचं असेल तर कयानीत दुपारी तीननंतर जा, भिंतीकडचं टेबल धरा, आणि समोर कोणी येऊन बसलं तर पिशवी मांडीवर घ्या.