लक्षणाचे औषध झाले, त्याची कथा

मधुमेह हे नाव रोग्याच्या मूत्रावरून पडले. मूत्र मधासारखे गोड होते व त्याकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेत नोंदलेले आहे. शरीरातून साखर बाहेर पडणे हे रोगाचे चिन्ह, अशी वैद्यकाची समजूत शतकानुशतके चालत आली. परंतु तेच चिन्ह पुढे औषधाचे कार्य ठरावे, हा इतिहासाचा विलक्षण खेळ होय.

१८३५ मध्ये युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य वेगळे केले. ते दिल्यास मूत्रात साखर उतरते, असे १८८६ मध्ये जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांना आढळले. मधुमेहाचेच हे सोंग. पण येथे रक्तातील साखर वाढत नाही. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० ग्रॅम साखर गाळून पुन्हा रक्तात घेतात. हे द्रव्य ती परतीची वाट अडवते. मात्र आतड्यात त्याचे विघटन होई. म्हणून त्याच धर्तीवर टिकाऊ द्रव्ये घडविली गेली. त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनला २०१४ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली.

यकृताचा संबंध येतो तो येथे. मधुमेही माणसाच्या यकृतात पुष्कळदा मेद साचतो. चुलीत लाकडे कोंबली म्हणजे जाळापेक्षा धूरच अधिक होतो. तसेच मेदाच्या भाराने पेशींत प्राणवायूची उपद्रवी रूपे वाढतात. त्यांनी पेशी पोळतात, दाह होतो व अखेर यकृत कठीण बनू शकते.

दिल्लीलगतच्या गुरुग्राममधील मेदांता रुग्णालयात डॉ. मोहम्मद शफी कुचाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५० रुग्णांवर प्रयोग केला; तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत वीस आठवडे एम्पाग्लिफ्लोझिन घेतलेल्यांच्या यकृतातील मेदाचे सरासरी प्रमाण १६.२ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आले, इतरांचे १६.४ वरून १५.५ पर्यंतच उतरले.

तथापि या प्रयोगात मोजला गेला तो मेद. पेशींचा दाह शमल्याचे दाखले प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळतात. माणसाच्या बाबतीत ‘संभवते’ एवढेच म्हणणे शास्त्राला शोभते. भारत सरकारने २०२१ मध्ये मेदयुक्त यकृताच्या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तेव्हा या ‘संभवते’चा निर्णय लागणे कोट्यवधींच्या हिताचे आहे. तोवर मिताहार, व्यायाम व वजनावर ताबा हेच यकृताचे पहिले पहारेकरी होत.